जुन्या पिकअपला टर्बो इंजिन बसवताय? आधी डिझेलची वाट मोकळी करा

गोव्यातून चोर्ला घाटाने बेळगावला माल नेणाऱ्यांना हे ओळखीचं असेल. केरी मागे पडते, वळणं सुरू होतात, गाडी तिसऱ्या गिअरवर येते आणि हळूहळू दम सोडते. पाय तळापर्यंत दाबलेला, काटा मात्र खाली खाली. माझ्या पिकअपचं हे असंच व्हायचं, आणि तेही टर्बो, म्हणजे जास्तीची हवा दाबून घेणारं, इंजिन बसवल्यानंतर. सपाटीला गाडी पळायची. साखळीपासून केरीपर्यंत कुणाला काही खोट दिसली नसती. खरी परीक्षा घाटात होती, तिथे ती नापास व्हायची.

माझी फेरी अशी: जाताना बर्फ घातलेले मासळीचे क्रेट, येताना भाजी. जुनं अडीच लिटरचं बिनटर्बोचं इंजिन संपलं, तेव्हा त्याच कंपनीने त्याच मॉडेलला दिलेलं टर्बो इंजिन घेतलं. टाकी, पाईप, फिल्टर मात्र जुनेच ठेवले. आधी सगळ्यांनी टर्बोला दोष दिला, मग पंपाला, मग इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलला. खरं दुखणं निघालं टाकीतल्या नळीच्या तोंडाशी. त्यात माझा जवळजवळ अख्खा पावसाळा गेला. तुमचा जाऊ नये म्हणून सगळं क्रमाने लिहितो.

१. तुमचं इंजिन कोणत्या जातीचं आहे ते बघा

हा लेख मेकॅनिकल पंपाच्या डिझेल इंजिनांसाठी आहे. बॉनेट उघडून नोझलला डिझेल देणारा मुख्य पंप बघा. लांबट पंप, वरून एका ओळीत चार लोखंडी नळ्या निघतात, तो इनलाइन. गोलसर पंप, मागच्या बाजूने वर्तुळात नळ्या निघतात, तो रोटरी. चारही नोझलच्या नळ्या एका जाड रेलमधून निघत असतील आणि प्रत्येक नोझलवर वायरचा प्लग असेल, तर ती कॉमन रेल गाडी.

कॉमन रेलवाल्यांना टाकी, पाईप आणि पाणी यांवरचा भाग उपयोगी पडेल, पण पुढची पंप-नोझलची कामं स्वतः करू नका. त्या रेलमध्ये हजार बारच्या वर दाब असतो. इंजिन चालू असताना तिथला नट सैल करणं जिवावर बेतू शकतं.

२. पाना हातात घेण्यापूर्वी कागद

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच उचलून धरलं. कलम १८२अ प्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

म्हणून बाजारात मिळणारं टर्बो किट आणून जुन्या बिनटर्बोच्या इंजिनावर चढवायचं मनात असेल, तर तो विचार सोडा. कायदा हे एक कारण झालं. दुसरं कारण असं की कंपनीच्या टर्बो इंजिनात पिस्टन आणि रिंगा वेगळ्या असतात, आणि बऱ्याच इंजिनांत पिस्टनच्या पोटावर तेलाचा फवारा मारून तो थंड ठेवायची सोय असते. बाहेरून नुसता टर्बो लावला की यातलं काहीच होत नाही.

कंपनीनेच त्या मॉडेलला दिलेलं इंजिन बसवायचं असेल, तर आधी आरटीओत लेखी अर्ज करा. मंजुरी हातात आल्याशिवाय इंजिनाचे पैसे देऊ नका. बदल झाल्यावर १४ दिवसांच्या आत कळवून आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्यायचा. हे कागद जवळ ठेवा:

- आरसी, विमा, पीयूसी, फिटनेस आणि परमिट
- इंजिनाचं बिल, त्यावर इंजिन नंबर स्पष्ट छापलेला
- इंजिन दुसऱ्या गाडीतून काढलेलं असेल तर त्या गाडीचे कागद
- नव्या इंजिन नंबराची पेन्सिलने घासून काढलेली छाप, दोन-तीन प्रती
- गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना हरकत पत्र
- मालकाचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा

विमा कंपनीलाही लेखी कळवा आणि पॉलिसीत नोंद करून घ्या. इंजिन नंबर जुळला नाही तर अपघाताच्या दाव्यात पहिलं बोट तिथेच ठेवलं जातं.

३. टर्बोला किती डिझेल लागतं याचा हिशोब

हा हिशोब मी फार उशिरा केला. आधी केला असता तर निम्मी धावपळ वाचली असती.

अशा जुन्या डायरेक्ट इंजेक्शन (डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) इंजिनाला पूर्ण जोरावर एका किलोवॅटला तासाला साधारण २४० ग्रॅम डिझेल लागतं. ४५ किलोवॅटच्या, म्हणजे सुमारे ६० हॉर्सपॉवरच्या बिनटर्बोच्या इंजिनाला तासाला १०.८ किलो, म्हणजे १३ लिटर. ६० किलोवॅटच्या, म्हणजे सुमारे ८० हॉर्सपॉवरच्या टर्बोला १४.४ किलो, म्हणजे १७ लिटरच्या थोडं वर.

म्हणजे जास्तीचे चार-साडेचार लिटर, तेही पूर्ण जोर लावून तासभर चढलात तर. एवढ्यासाठी नवा जाड पाईप टाकावा लागत नाही. ८ मिलिमीटरची आतून स्वच्छ नळी हे काम आरामात करते. पण टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप इंजिनाला लागतं त्याहून बरंच जास्त डिझेल ओढतो आणि उरलेलं रिटर्नने टाकीत परत पाठवतो. त्या फिरत्या डिझेलनेच पंप आणि नोझल थंड राहतात. नळी अर्धी तुंबली की आधी हे फिरणं कमी होतं, मग घाटात इंजिनाला द्यायलाही पुरत नाही. जुनं इंजिन त्याच तुंबलेल्या नळीवर कसंबसं भागवत होतं, नव्याची भूक भागेना. टर्बोमुळे बिघाड झालेला नव्हता, आधीपासूनचा बिघाड टर्बोने उघड केला.

खात्री करून घ्यायची असेल तर टाकी आणि फीड पंप यांच्यामध्ये तीन तोंडांचा टी जोडून व्हॅक्यूम गेज, म्हणजे ओढ मोजणारा काटा, लावा. माझ्या गाडीत घाटात गेजचा काटा १० इंच पाऱ्यापर्यंत जायचा, म्हणजे पंप तुंबलेल्या नळीतून जोर लावून ओढत होता. साफसफाईनंतर त्याच वळणावर तो ३ इंचांच्या आत राहिला. गेज नसेल तर स्वच्छ डिझेलचा पाच लिटरचा कॅन हौद्यात पुढच्या बाजूला घट्ट बांधा, त्यातून थेट फीड पंपाला तात्पुरती नळी द्या, रिटर्नही कॅनमध्ये सोडा आणि एका छोट्या चढावर गाडी चालवून बघा. जोर परत आला तर पंप-नोझलला हात लावायची गरज नाही, दोष मागे टाकीकडे आहे.

४. टाकी आणि पाईप

टाकी रिकामी करून खाली उतरवा. पट्टे सोडण्याआधी खाली जॅक आणि फळी लावा. झाकणातून बॅटरी मारून आत बघा. माझ्या टाकीच्या तळाला लालसर चिखल होता, बोट फिरवलं तर वाळूसारखा खरखरीत लागला. त्याच्या वर काळपट, शेवाळासारखा बुळबुळीत थर. हा थर पाण्यामुळे येतो. टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी रात्रभर उभी राहिली की आतल्या दमट हवेचं पाणी होतं, ते डिझेलखाली बसतं, आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर बुरशी वाढते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत पाणीच पाणी, त्यामुळे पावसाळ्यात रात्री टाकी भरून ठेवायची सवय लावा.

डिझेल ओढणाऱ्या नळीच्या टोकाला टाकीत एक बारीक जाळी असते. बरेच जण तिला हात लावत नाहीत, कारण ती दिसत नाही. माझी जाळी बाहेर काढली तेव्हा तिच्यावर गंजाचा लेप होता, उजेडासमोर धरली तर चार-पाच भोकंच मोकळी. इतके दिवस शोधत होतो ते हे.

टाकी आतून धुऊन, वाळवून घ्या. पत्रा पातळ झाला असेल तर नवी टाकी घ्या. वापरलेल्या टाकीला वेल्डिंग कधीही करू नका. रिकाम्या टाकीतली वाफ डिझेलपेक्षा धोकादायक असते.

आता पाईप. मासळी वाहणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. बर्फ वितळून येणारं खारं पाणी हौद्याच्या फटींतून थेट चॅसीवर ठिबकतं आणि डिझेलची लोखंडी नळी नेमकी तिथूनच जाते. माझी नळी वरून साबूत दिसत होती. क्लिप काढली तर क्लिपखाली ती कागदासारखी पातळ झालेली. अशी नळी डिझेल गाळतेच असं नाही. फीड पंपाच्या आधीचा भाग ओढीखाली असतो, तिथे सूक्ष्म भोक पडलं तर बाहेर डिझेल न येता आत हवा जाते. सकाळी गाडी लवकर स्टार्ट होत नाही, चढावर तोंड करून उभी केली तर आणखी त्रास देते, आणि खाली थेंबही दिसत नाही. ही लक्षणं दिसली की एअर घेतेय असं समजा.

नवी नळी टाकताना जुन्याच मापाची, कंपनीने ठरवलेल्या मार्गानेच न्या, सायलेन्सर आणि टर्बोपासून लांब. रबरी होज डिझेलसाठीचाच हवा. नळावर लावायची पारदर्शक प्लास्टिकची नळी कायमची कधीच लावू नका, ती काही महिन्यांत कडक होते आणि तडकते. तारेने आवळलेले जोडही चालत नाहीत, चांगल्या क्लिपा घ्या. बॅन्जो बोल्टची (नळी जोडणाऱ्या, आतून पोकळ बोल्टची) भोकं सुईने साफ करा आणि तांब्याचे वॉशर प्रत्येक वेळी नवे. माझ्या हौद्याखाली आता एक पन्हळ आहे, खारं पाणी ती चॅसीच्या बाहेर सोडते. स्थानिक वेल्डरने एका दुपारी करून दिली.

५. फिल्टर

जुन्या गाड्यांत दोन फिल्टर शेजारी शेजारी असतात, एक कापडी, एक कागदी. डिझेल आधी कापडी फिल्टरमधून जातं. दोन्ही एकदम बदला. एक जुना, एक नवा असं करू नका. त्यांच्या आधी, टाकी आणि फीड पंपाच्या मध्ये, पाणी वेगळं करणारा काचेच्या वाटीचा फिल्टर बसवा. गोव्यात हा मी ऐच्छिक मानत नाही. पावसाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी वाटी बघा, तळाशी पाण्याचा थेंब गोलसर, वेगळा दिसतो. खालचा स्क्रू सोडून काढून टाका. पंपाच्या आतले भाग डिझेलच्याच वंगणावर चालतात, पाणी गेलं की त्यांच्यावर ओरखडे पडतात आणि तो खर्च या वाटीच्या कित्येक पट असतो.

६. फीड पंप

मेकॅनिकल फीड पंपाचे व्हॉल्व्ह आणि आतला दट्ट्या तपासून बघा. हँड प्रायमर, म्हणजे हाताने डिझेल चढवायचा छोटा पंप, दाबल्यावर घट्ट लागला पाहिजे. इनलाइन पंपाला साधारण १ ते १.५ बार दाबाने डिझेल मिळावं लागतं, ते गेजने तपासता येतं.

इथे एक मोठा सापळा आहे. ताकद कमी पडते म्हणून कुणीतरी पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीचा इलेक्ट्रिक पंप लावायला सांगतं. तो ३ बारच्या आसपास दाब देतो. रोटरी पंपाच्या आत स्वतःचा छोटा ओढणारा पंप असतो, त्याच्या तोंडावर एवढा दाब दिला तर पुढचं सील फाटतं आणि डिझेल गळायला लागतं. इलेक्ट्रिक पंप लावायचाच असेल तर डिझेलसाठीचा, कमी दाबाचा घ्या, रिले आणि फ्यूजसह, आणि इंजिन बंद पडलं की पंप आपोआप बंद होईल असा ऑइल प्रेशर स्विचमधून जोडा. अपघातात पाईप तुटला आणि पंप चालूच राहिला तर काय होईल याचा विचार करा.

७. मुख्य पंप: स्क्रू पिळणं म्हणजे अपग्रेड नव्हे

या पायरीवर सगळ्यात जास्त गाड्या बिघडतात. माझ्या एका मेकॅनिकने पाच मिनिटांत पंपाचं शिशाचं सील तोडलं आणि डिझेलचा स्क्रू पाऊण फेरा आत पिळला. गाडी उठली खरी. पण मागे काळ्या धुराचा लोट, आणि घाटाच्या अर्ध्यावर बॉनेटखालून तापलेल्या लोखंडाचा वास. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याने मला हात दाखवून थांबवलं तेव्हा कळलं. ते तसंच रेटलं असतं तर पिस्टन वितळला असता.

डिझेल इंजिनात जोर ठरतो तो किती डिझेल सोडलं त्यावर. ते पूर्ण जळायला हवा पुरेशी हवी. टर्बो हवा देतो, पण वेग आणि भार चढल्यावर, लगेच नाही. म्हणून टर्बोच्या पंपावर एक डबी असते, तिच्यात रबरी पडदा. इनटेक मॅनिफोल्डपासून एक बारीक नळी त्या डबीत येते. टर्बोचा दाब वाढला की पडदा सरकतो आणि पंप जास्त डिझेल सोडतो. दाब नसेल तेव्हा डिझेल आवरलेलं राहतं. याला बूस्ट कॉम्पेन्सेटर म्हणतात. बिनटर्बोच्या पंपावर ही डबी नसते. म्हणून जुना पंप नव्या इंजिनावर चढवू नका. इंजिनाबरोबर त्याचाच पंप घ्या आणि पंपावरच्या पट्टीचा नंबर लिहून ठेवा.

तो पंप डिझेल पंप दुरुस्तीच्या कार्यशाळेत टेस्ट बेंचवर (पंप फिरवून तपासायच्या यंत्रावर) बसवून कॅलिब्रेट करून घ्या. कारागिराशी बोलता यावं म्हणून एक आकडा सांगतो. वरच्या हिशोबातले तासाला १७.३ लिटर, ३२०० फेऱ्यांवर चार सिलिंडरमध्ये वाटले तर एका फवाऱ्याला सुमारे ४५ घन मिलिमीटर येतात, म्हणजे १००० फवाऱ्यांना ४५ सीसी. बिनटर्बोला तेच ३४ च्या आसपास. हा अंदाज झाला. खरं सेटिंग त्या पट्टीच्या नंबराप्रमाणे कंपनीच्या तक्त्यात असतं आणि तेच करायचं. बेंचवर उभं राहा आणि चारही काचेच्या नळ्यांत डिझेल सारखं भरतंय का ते डोळ्यांनी बघा. एका नळीत पातळी खाली राहिली तर तो सिलिंडर कायम मागे राहणार. काम झाल्यावर नवं सील लावून घ्या आणि रिपोर्ट मागा.

कॉम्पेन्सेटरची बारीक नळी तडकली असेल तर गाडी धूर न सोडताच मंद चालते. धुराबिगर मंदपणा आला की सगळ्यात आधी तीच बघा.

८. नोझल

नोझलही टर्बो इंजिनाच्या नंबराचेच हवेत. भोकांचं माप वेगळं असतं. टेस्टरवर उघडण्याचा दाब बघतात, या इंजिनांत तो साधारण २०० ते २५० बार असतो. फवारा धुक्यासारखा, सगळ्या भोकांतून सारखा, आणि बंद झाल्यावर टोकाला थेंब लटकता कामा नये.

टेस्टर चालू असताना फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नका. एवढ्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, आत मात्र मांस सडायला लागतं. असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच तासाला इस्पितळात जा आणि डिझेल दाबाने आत गेलंय असं स्पष्ट सांगा.

बसवताना खालचा तांब्याचा वॉशर नवा, जुना अडकला नाही याची खात्री, आणि जाडी तीच. दोन वॉशर एकावर एक बसले तर नोझलचं टोक वर राहतं आणि फवारा पिस्टनच्या खळग्यात नीट पडत नाही.

९. जोडणी आणि एअर काढणं

लागणारी हत्यारं: टॉर्क पाना, पाईपनट पाने, व्हॅक्यूम गेज, स्वच्छ पांढरं कापड, तांब्याचे वॉशर सगळ्या मापांचे, आणि उघड्या तोंडांना लावायला टोप्या. उघडी नळी पाच मिनिटंही तशी ठेवू नका, गॅरेजातली धूळ नोझलला पुरते.

टायमिंगची, म्हणजे डिझेल नेमकं कधी सुटावं याची, खूण इंजिनाच्या पुस्तकाप्रमाणेच जुळवा. मग फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू सैल करा आणि हँड प्रायमर मारत राहा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. सलग आल्यावरच स्क्रू आवळा. तसंच मुख्य पंपावर. शेवटी नोझलकडचे नट एक फेरा सैल करून, वर कापड टाकून, तोंड लांब ठेवून स्टार्टर मारा. डिझेल आलं की आवळा. स्टार्टर सलग दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये थंड होऊ द्या. एअर राहिली असा संशय असेल तर पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळी फक्त तपासणीपुरती लावा, बुडबुडे पळताना दिसतात. तपासणी झाली की काढा.

१०. रस्त्यावर

पहिले काही दिवस माल कमी ठेवा. बूस्ट गेज (टर्बोचा दाब दाखवणारा) आणि एक्झॉस्टच्या तापमानाचा गेज लावणं परवडत असेल तर नक्की लावा. तापमानाची काडी टर्बोच्या आधी मॅनिफोल्डमध्ये बसते, आणि घाटात काटा ७०० अंशांच्या वर टिकून राहू लागला तर खालचा गिअर टाका, पाय सैल करा. गेज नसेल तर आरशात बघा. पाय दाबताना क्षणभर हलका धूर चालतो, सलग काळा धूर चालत नाही.

मग पीयूसी करा. बीएस ४ या प्रदूषणाच्या सरकारी निकषापूर्वीच्या डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज एकक (धुराचा गडदपणा मोजायचं माप) आहे, बीएस ४ ला ५०. डिझेल नीट जळत असेल तर जुनी गाडीसुद्धा आरामात पास होते. माझी झाली, आणि स्क्रू पिळलेला असता तर झाली नसती. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं, तेव्हा हे दोन्ही आकडे हाताशी ठेवून मगच गाडी घेऊन जा.

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधीच्या आठवड्यात, माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळा-भाज्यांच्या) सामानाच्या फेऱ्या सुरू असताना, मी पूर्ण माल भरून घाट चढलो. कणकुंबीपर्यंत गाडी तिसऱ्यात राहिली, एकदाही दुसरा गिअर लागला नाही. परत आल्यावर पाण्याची वाटी सोडली, चमचाभर पाणी निघालं. पहिल्या हजार किलोमीटरनंतर सगळे जोड परत आवळले आणि फिल्टर बदलले. जुना कागदी फिल्टर हॅकसॉने कापून आतून उघडून बघितला, घड्यांत लाल गंज अजून थोडा होता. तसं दिसलं तर पुढचा फिल्टर पाच हजारांची वाट न बघता अडीच हजारांवरच बदला, आणि तोही कापून बघा.